द्वारका झोपे यांचा काळा मसाला

“‘मीठ चवीनुसार’ एवढं लिहिलं तर तुझं काय बिघडतं गं?” प्रमिलामावशींनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं.

“कोणाच्या चवीनुसार?” मी म्हणाले. “ग्रॅम सांगा मावशी.”

“चाळीस वर्षं मुलींना गृहविज्ञान शिकवलं. एकीनं कधी ग्रॅम विचारला नाही.”

“त्या तुमच्या समोर उभ्या होत्या. ही बाई कदाचित दुबईत उभी असेल.”

मावशी पुटपुटत माझ्या स्वयंपाकघरात गेल्या. डब्यातलं मीठ नेहमीसारखं चिमटीनं तळहातावर घेतलं आणि तो तळहात माझ्या छोट्या वजनकाट्यावर उलटा केला. “साडेसात,” त्या आतून ओरडल्या. मी टाइप केलं : मीठ, साडेसात ग्रॅम.

जळगावात महाबळ भागात माझ्या दोन खोल्या होत्या. घटस्फोटाला वर्ष झालं होतं. सकाळी मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करायची आणि दुपारी माझं स्वतःचं. ते स्वतःचं म्हणजे ‘शेजारची वाटी’. घरोघरच्या बायकांनी आपापल्या पाककृती टाकायच्या आणि बाकीच्यांनी त्या बघून करायच्या, अशी वेबसाइट. सगळा कोड माझ्या एकटीचा. प्रमिलामावशी समोरच्या दारात राहायच्या, निवृत्त शिक्षिका. पहिल्याच आठवड्यात माझी भाजी करपल्याचा वास आला म्हणून त्या आत आल्या, आणि पुढची दोन वर्षं रोज येत राहिल्या.

मी प्रोग्रॅमर चांगली होते, पण स्वयंपाकाचा हिशोब निराळा असतो हे मला मावशींनी शिकवलं. चार माणसांची कृती चाळीस माणसांची करून देणारं बटण मी मोठ्या हौसेनं केलं होतं. मावशींनी ते दाबलं आणि कपाळावर हात मारला. “दहापट मिरची? पंगत उठून तुझ्या अंगावर येईल!” मग मी प्रत्येक जिन्नसाला वेगळा गुणाकार लावला. मीठ जरा कमी वाढतं, मिरची त्याहून कमी, हिंग तर जवळजवळ जागचा हलत नाही. शोधाचाही असाच घोळ. वाफवलेल्या डाळीच्या मुटक्यांना एक बाई ‘फुणके’ लिहायची, दुसरी ‘फुनके’, तिसरी ‘फुणकं’, आणि तिघींना एकमेकींचं सापडायचं नाही. अशा शब्दांची यादी मी हातानं केली, बाराशे शब्दांची. ज्यांना टाइप करता येत नव्हतं त्यांचे फोन यायचे. मी कानाला फोन लावून लिहून घ्यायची. रावेरच्या एका आजींनी वरणबट्टी सांगायला दीड तास घेतला, त्यातला तासभर सुनेबद्दल होता.

दोन वर्षांत साडेचारशे कृती झाल्या. महिन्याला साठ हजार लोक यायला लागले. पुण्याहून दोन तरुण मला भेटायला आले. म्हणाले, आपण वाचकांकडून वर्गणी घेऊ, जाहिराती घेऊ. मी सांगितलं, “शेजारची वाटी फुकटच राहील. कोणी वाटीचे पैसे घेतं का?”

ते दोघं भारावून गेले. एका स्थानिक वर्तमानपत्रानं माझा फोटो छापला आणि मथळा दिला, ‘निःस्वार्थ अन्नपूर्णा’. मावशींनी कात्रण माझ्या फ्रीजवर चिकटवलं. मी चिकटवू दिलं.

“पण खरं सांग,” त्यांनी एकदा विचारलं, “एवढं राबतेस, एक जाहिरात घेत नाहीस. कशासाठी?”

“अजून थोडी माणसं येऊ देत,” मी म्हणाले. “मग सांगते.”

त्याच सुमाराला हितेंद्रचा फोन आला. हितेंद्र माझा नवरा. म्हणजे होता.

“हेमांगी, तुझं चाललंय ते बघतोय,” तो म्हणाला. “छान आहे. एक काम होतं. भेटता येईल?”

“ये,” मी म्हणाले.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. हातात ‘थोरली माय’ काळ्या मसाल्याचं खोकं. खानदेशातच नव्हे, पार मुंबई-पुण्याच्या दुकानांत त्याचं ते पाकीट पोचलं होतं. पाकिटावर नऊवारीतली, कपाळभर कुंकवाची एक म्हातारी, आणि खाली : ‘आमच्या पणजीची कृती. पाच पिढ्यांचं गुपित.’

“मुंबईची एक मोठी कंपनी आमच्यात येतेय,” तो खुर्चीत बसत म्हणाला. “अठरा तारखेला फॅक्टरीत कार्यक्रम आहे, सह्या आहेत. त्यांना आपलं गुपित फार आवडलं. कृती लॉकरमध्ये आहे म्हटल्यावर तर खूशच झाले.” हे ‘आपलं’ त्याच्या तोंडून सहज निघालं. “तुझ्या साइटवर शेवभाजी आहे, भरीत आहे, पाटवड्यांची आमटी आहे. तिथं फक्त लिहायचं, ‘थोरली माय मसाला वापरावा.’ तू म्हणशील तशी व्यवस्था करू.”

मी खोक्यातलं एक पाकीट काढून समोर धरलं. “ही बाई कोण?”

“मॉडेल आहे. फोटो घेतलाय इंटरनेटवरून, रीतसर.”

“तुझ्या पणजीचं नाव काय?”

तो हसला. “कोणाला आठवतंय?”

“माझ्या आईचं नाव तरी आठवतंय ना?”

दारात उभ्या असलेल्या मावशी हळूच मागे सरकून आपल्या घरी गेल्या.

माझी आई सावद्याची, द्वारका झोपे. वडील गेल्यावर काळा मसाला करून तिनं मला इंजिनिअर केलं. अर्ध्या गावाचा वर्षाचा मसाला तिच्याकडून जायचा, पण कृती तिनं सख्ख्या बहिणीलाही सांगितली नाही. खोबरं भाजायची वेळ आली की मागच्या अंगणाचं दार लावून घ्यायची. त्या दारामागे फक्त मी असायची. माझं लग्न झाल्यावर सासूबाई चार वर्षं कृती मागत होत्या. आई हसून विषय बदलायची. आणि मग शेवटच्या आजारात, जळगावच्या दवाखान्यात, तिनं ती सासूबाईंना सांगून टाकली. मी औषधं आणायला गेले होते. परत आले तर सासूबाई वहीत लिहून घेत होत्या. मी आईला रागावून विचारलं, “हे काय केलंस?” ती म्हणाली, “घरातच राहिली ना.” आठ दिवसांनी ती गेली. वर्षभरात ‘थोरली माय’ सुरू झालं, त्यांच्या ऑर्डरी घेणारी वेबसाइटही मीच करून दिली. त्यानंतर दोन वर्षांनी मला घराबाहेर काढलं.

“पाकिटावर तिचं नाव टाक,” मी हितेंद्रला म्हणाले. “एक ओळ. ‘द्वारका झोपे यांची कृती.’ मग माझ्या साइटवर हवं तिथं तुझं पाकीट लाव.”

“पाच पिढ्या छापून झाल्या, हेमांगी. आता सासू कुठून आणू त्यात?” तो उठला. “जुनं उगाळून काय मिळतं तुला? बघ, विचार कर.”

“केलाय,” मी म्हणाले.

अठरा तारखेला सकाळी मावशी नेहमीप्रमाणे चहा घेऊन आल्या. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. “हे वाचा. अकरा वाजता टाकणार आहे.”

मथळा होता : ‘द्वारका झोपे यांचा काळा मसाला.’ खाली एकवीस जिन्नस, ग्रॅममध्ये. धने किती, दगडफूल किती, नागकेशर किती. वाळवलेला कांदा कोणत्या रंगावर उतरवायचा, त्याचा फोटो. आणि मागच्या अंगणातलं सगळं : खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या विस्तवावर पेटेपर्यंत ठेवायच्या, पेटल्या की वीस सेकंद जळू द्यायच्या, मग पातेल्यात टाकून वर दगडफूल पसरायचं आणि झाकण घट्ट दाबायचं. तो धूर दगडफुलात मुरला पाहिजे. गॅसवर करायचं तर कसं, तेही लिहिलं होतं. मी आठ वेळा करून पाहिलं होतं. शेवटी एक वाक्य : ‘हीच कृती ‘थोरली माय’ या नावानं विकली जाते.’

मावशींनी सावकाश वाचलं. मग चहाचा कप खाली ठेवला.

“हे चालेल का? कायद्यानं?”

“घटस्फोटाच्या वेळी त्यांनी माझी सही घेतली होती. ‘सदर मसाल्याचं उत्पादन वा विक्री करणार नाही.’ वकिलानं तीनदा वाचून दाखवलं. मी त्याच दिवशी घरी येऊन विचार करत बसले, त्यात काय लिहिलेलं नाही याचा. फुकट वाटणार नाही असं कुठेच नव्हतं.”

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग फ्रीजवरच्या त्या कात्रणाकडे.

“म्हणजे ही साइट...”

“हो.”

“साडेचारशे कृती?”

“एकटी ही टाकली असती तर कोणी वाचली असती, मावशी? माणसं जमवायला लागली. विश्वास बसायला लागला. म्हणून ग्रॅम.”

“रावेरच्या आजी. त्या फोनवर रडल्या होत्या तुझ्याजवळ.” त्यांचा आवाज बदलला. “माझ्या आईचे फुणके मी कोणाला दिले नव्हते हेमांगी. तुला दिले. ते तू गर्दी जमवायला वापरलेस?”

मावशी उठून गेल्या, कप तसाच राहिला. अकरा वाजता मी बटण दाबलं. नवी कृती आली की वाचकांना सूचना जायची; साठ हजार फोनांवर एकाच वेळी माझ्या आईचं नाव गेलं.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? फॅक्टरीत तेव्हा फीत कापली जात होती. पाऊण तासात पाहुण्यांपैकी कोणीतरी फोन उघडला. हितेंद्रचे एकामागून एक सतरा फोन आले, मी प्रत्येक वेळी त्याचं नाव पडद्यावर चमकू दिलं आणि बघत बसले. संध्याकाळपर्यंत पहिला फोटो आला. नाशिकच्या एका मुलीनं बाल्कनीत खोबरं पेटवलं होतं. आठवड्यात असे तीनशे फोटो. फैजपूर, यावल, चोपडा, तिथल्या बचत गटांनी मसाला करून विकायला काढला, पुड्यावर चिठ्ठी : ‘द्वारकाबाईंच्या पद्धतीचा.’ मुंबईची कंपनी सह्या न करताच परत गेली. लॉकरमधलं गुपित सगळ्यांच्या फोनमध्ये आल्यावर त्यांना विकत घेण्यासारखं काय उरलं होतं? वकिलाची नोटीस आली. माझ्या वकिलानं एका ओळीत उत्तर दिलं : ‘माझ्या अशिलानं उत्पादन केलेलं नाही, विक्री केलेली नाही.’

‘थोरली माय’ची पाकिटं दुकानांतून परत यायला लागली. तीन महिन्यांनी फॅक्टरीचा एक भाग बंद झाला. ते मला एका वाचक बाईनंच कळवलं, तिची जाऊ तिथं कामाला होती. ती बातमी मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना जरा टोचलं. पण थांबावंसं वाटलं नाही.

मावशी त्याआधीच, महिनाभरानं, परत आल्या होत्या. आल्या त्या सरळ काट्यावर तांदूळ मोजायला लागल्या. पुन्हा पहिल्यासारखं मात्र त्यांनी कधी काही विचारलं नाही.

फॅक्टरीचा भाग बंद झाल्यावर एका दुपारी दारावर टकटक झाली. उघडलं तर सासूबाई.

इंदुमती वाघुळदे. एकट्या आल्या होत्या, रिक्षानं. पदर घामानं चिकटला होता. पूर्वी मी त्यांना आई म्हणायची. आता काय म्हणावं ते सुचेना, म्हणून काहीच म्हटलं नाही. बसा म्हटलं. पाणी विचारलं नाही. आमच्याकडे वैऱ्यालाही आधी पाणी देतात. मी दिलं नाही, आणि त्यांनी ते ओळखलं.

“कृती काढ म्हणायला आलात?”

“नाही व. आता काढून काय? तीस बाया घरी बसल्या, त्या काय परत येणार?” त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. “तू लिहिलंस ते नातीकडून वाचून घेतलं. खाली लोकांनी लिहिलंय तेही. ‘किती भोळी बाई, फसली बिचारी.’ शंभरदा तेच.”

“मग? फसवलं नाही का तुम्ही?”

“फसवलं. पण ती भोळी नव्हती, हेमा.”

मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले.

“तेव्हा आमच्या घरात बोलणं चाललं होतं,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरनं सांगून टाकलं होतं, तुला मूल होणार नाही. तुला सावद्याला धाडायचं, असं ठरत आलेलं. तुला माहीत नव्हतं. तुझ्या आईला कोणी सांगितलं देव जाणे. मला दवाखान्यात बोलावलं तिनं. तुला औषधाला धाडलं. म्हणाली, ‘विहीणबाई, चार वर्षं मसाला मागताय ना? देते. पण माझी पोर घरातून काढायची नाही. मी गेल्यावर तिला कोणी नाही.’ मी हितेंद्राची शपथ घेतली. तिनं तीनदा घ्यायला लावली. मग एकेक जिन्नस सांगितला. बोलताना धाप लागत होती तिला, तरी माप चुकलं नाही.”

खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

“आणि मग?” मी विचारलं.

“मग ती गेली. विचारणारं कोणी राहिलं नाही.”

घरातच राहिली ना, असं ती म्हणाली होती. मी इतकी वर्षं समजत होते की ती कृतीबद्दल बोलत होती. ती माझ्याबद्दल बोलत होती.

मला हुंदका यायला हवा होता. आला नाही. आला तो संताप, आधी होता त्याच्या दसपट. आतापर्यंत मी चोरीचा सूड घेत होते. ही चोरी नव्हतीच. माझ्या आईनं जवळ होतं नव्हतं ते देऊन मला विकत घेतलं होतं, आणि यांनी दाम खिशात घालून मला दाराबाहेर ठेवलं होतं.

मी लॅपटॉप उघडला. मसाल्याचं पान लावलं, खाली प्रतिक्रियांच्या जागी आले.

“सांगा,” मी म्हणाले.

“काय?”

“आत्ता सांगितलंत ते. तुम्ही सांगा, मी लिहिते. तुमच्या नावानं.”

त्या दचकल्या. “गावात वाचतील, हेमा. नाती वाचतील.”

“त्यासाठीच.”

त्यांनी पदर सावरला. उठून जातील असं मला वाटलं. मग घसा साफ करून त्यांनी सुरुवात केली, आणि मी एक अक्षर न बदलता लिहून घेतलं :

‘मी इंदुमती वाघुळदे. द्वारकाबाई माझी विहीण. तिनं हा मसाला मला फुकट नाही दिला. पोरीला नांदवायच्या बोलीवर दिला. मी पोराची शपथ घेतली आन मोडली. तिला भोळी म्हनू नका. ती हुशार होती. मीच खोटी निघाली. तिच्या हातासारखा मसाला आमच्या फॅक्टरीत कधीच झाला नाही, कारण खोबरं जळताना ती बाजूला बसून राहायची. आमी मशीन लावलं.’

“गाव लिहू?” मी विचारलं.

“लिही.”

मी गाव लिहिलं आणि बटण दाबलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. वाचता येत नव्हतं तसं नाही, चष्मा आणला नव्हता.

“झालं आता तुझं?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

त्या मान हलवून उठल्या. चपला घालताना भिंतीला हात टेकला. मी उठले नाही.

दुसऱ्याच दिवशी हितेंद्रचा फोन आला. तो ओरडत होता. “म्हातारीला चारचौघांत नागवं केलंस! आत्ताच्या आत्ता काढ ते!” मी म्हणाले, “तिला सांग, स्वतः येऊन काढ म्हणेल तर काढते.” त्या आल्या नाहीत. तीन वर्षं तो अधूनमधून तेच मागत राहिला, कधी धमकावून, कधी गयावया करून. त्याच्या पुतणीला वर्गात कोणीतरी ते वाचून दाखवलं होतं. ते ऐकूनही मी काढलं नाही.

मग सासूबाई गेल्या. झोपेतच गेल्या म्हणे. पंधरा दिवसांनी हितेंद्रचा फोन आला. मी उचलला तो भांडायच्या तयारीनं.

“ते काढू नकोस,” तो म्हणाला.

मला नीट कळलं नाही. “काय?”

“आईचं ते. तुझ्या साइटवरचं. माझ्याकडे तिचे फोटो आहेत, पण बोलणं कुठेच नाही. तिथं ती बोलायची तशीच आहे. ‘आन मोडली’ म्हणते ना, तसंच म्हणायची ती. मी रोज वाचतो. तू काढशील म्हणून भीती वाटते.”

पान माझ्यासमोर उघडं होतं. प्रत्येक प्रतिक्रियेच्या कोपऱ्यात एक छोटी खूण असते, ती फक्त मला दिसते. ती दाबली की मजकूर जातो आणि परत येत नाही. तीन वर्षांत माझा हात तिकडे कधी गेला नव्हता. त्या क्षणी पहिल्यांदा गेला. ज्या विस्तवानं मला त्याला जाळायचं होतं त्यावरच तो हात शेकत बसला होता, आणि ते मला सहन होईना.

“ऐकतेस ना?” तो म्हणाला.

“बघते,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

त्याला आता सहा वर्षं झाली. ‘शेजारची वाटी’त चार हजार कृती आहेत, आणि आता ती मी चालवते ती खरोखर कृतींसाठी. प्रतिक्रिया मी काढलेली नाही. काढणार नाही हेही त्याला सांगितलेलं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी त्याचा एक ओळीचा मेसेज येतो : ‘आहे ना अजून?’ मी उत्तर देत नाही. त्याला ते पान स्वतःच उघडावं लागतं. त्याची आई त्या पानावर अगदी तळाशी आहे. तिच्यापर्यंत पोचायचं तर आधी माझ्या आईचं नाव वाचूनच खाली जावं लागतं.